खडूच्या खांबांचा मठ

मुलीच्या शाळेतून प्रोजेक्टचं सर्क्युलर आलं, की आमच्या बिल्डिंगमधल्या आया एकमेकींना फोन करायच्या आणि बाप ऑफिसातून येताना फोमबोर्ड घेऊन यायचे. प्रोजेक्ट मुलांनी करायचं असतं ही समजूत एकट्या शाळेची होती. ‘विद्यार्थ्याने स्वतः करावे’ असं सर्क्युलरच्या तळाशी छापलेलं असे आणि त्याखाली आम्ही पालक बिनदिक्कत सही करत असू. अबुधाबीतली आमची निम्मी बिल्डिंग इंजिनिअरांची. पोरांना धड कात्री धरता येत नसली तरी त्यांचे ज्वालामुखी धूर सोडत आणि त्यांच्या धरणांचे दरवाजे वरखाली होत. याला कुणी लबाडी म्हणत नसे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. लेक सातवीत होती. त्या वर्षी विषय होता जगातल्या ऐतिहासिक वास्तू, आणि मिसनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला ताजमहाल, कुणाला पिरॅमिड. आमच्या लेकीला निघाला स्पेनमधला एक जुना मठ.

“इट्स नॉट फेअर,” ती दप्तर टाकत म्हणाली. “नोबडी इव्हन नोज इट.”

वरच्या मजल्यावरच्या सोलापूरच्या वहिनींना मी हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, “स्पेनमध्ये मठ? कुठल्या महाराजांचा?” मी म्हटलं, ख्रिस्ती साधूंचा. त्या म्हणाल्या, असेल बाई, आणि गणपतीचं उरलेलं मखर पाठवून देऊ का म्हणून विचारलं. सोनेरी रंग काढला की मठाला चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगून टाकते. त्याच्या आदल्या महिन्यात ह्यांची नोकरी गेली होती. त्या वर्षी तेलाचे भाव पडले, कंत्राटं थांबली, आणि एसीच्या कामांची अंदाजपत्रकं करणाऱ्या माणसाला अंदाज करायला काही उरलं नाही. मॅनेजर सिरियन होता, माणूस वाईट नव्हता. त्यानं ह्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाला, “खलास, हबीबी. काम नहीं है.” मुलीचं शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंत व्हिसा रद्द करणार नाही, हे मात्र त्यानं आपणहून कबूल केलं आणि पुढे इन्शाल्ला जोडलं. म्हणजे तेवढ्या अवधीत दुसरी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर तिघांनी गाशा गुंडाळून पुण्याला जायचं. पुण्यात आमचं काय होतं? एक बंद फ्लॅट, आणि “तुमचं काय बाबा, तुम्ही गल्फवाले” असं म्हणणारे नातेवाईक.

ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही असं ठरलं. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना कळलं असतं तर ते हळहळायला घरी आले असते, आणि हळहळणाऱ्यांना चहा करून देण्याची माझी तयारी नव्हती. हे गाडी मागच्या गल्लीत बकाल्यापाशी, म्हणजे किराणा दुकानापाशी, लावायला लागले. भर दिवसा बिल्डिंगसमोर ती कुणाला दिसायला नको. माझ्याकडे दुपारी हिंदीच्या ट्यूशनला पोरं यायची. त्यांना मी सांगितलं, अंकल लीव्हवर आहेत. काही आठवड्यांनी एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, “आंटी, अंकल हॅज सो मच लीव्ह.” मी तिला निबंध लिहायला बसवलं.

सुरुवातीला हे रोज टायपिंगच्या दुकानातून बायोडेटा फॅक्स करत. उत्तरं येत नव्हती. मग फॅक्स एक दिवसाआड झाले, दाढीही एक दिवसाआड झाली. नंतर नुसतेच सोफ्यावर बसायला लागले. टीव्ही बंद असला तरी त्याच्याकडेच बघत. लग्न झाल्यापासून मी ह्या माणसाला सकाळी सातनंतर घरात पाहिलेलं नव्हतं, आता तो दिवसभर समोर होता आणि तरी कुठे दिसत नव्हता. मला भीती वाटायची. नोकरीची कमी, ह्यांची जास्त.

तशात हा मठ आला. पहिल्या दिवशी ह्यांनी चिठ्ठी वाचली आणि बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी, लेकीनं भुणभुण लावली म्हणून, तिला घेऊन वाचनालयात गेले आणि पाटाएवढं मोठं पुस्तक घेऊन आले. फोटोच फोटो होते. रात्रीच्या जेवणापर्यंत लेक कंटाळून झोपायला गेली होती आणि हे अजून पुस्तकातच होते.

मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू, सुंदर होता. डोंगराच्या कुशीत, ओढ्याकाठी, मधाच्या रंगाच्या दगडाचा. कुणा राजानं आठेकशे वर्षांपूर्वी साधूंना ती दरी दान दिली. दरी म्हणजे नुसती दलदल होती. राजे लोक दान देताना आपल्या उपयोगाची जमीन देत नाहीत. साधूंनी चर खणून पाणी काढून दिलं, द्राक्षं लावली, आणि मग पिढ्यान् पिढ्या बांधतच राहिले. मधोमध एक चौक, चौकात विहीर आणि चारी बाजूंनी ओवऱ्या, आपल्याकडे देवळाला असतात तशाच. ओवऱ्यांना जोडखांब, आणि प्रत्येक जोडखांबाच्या माथ्यावर वेगळं कोरीवकाम. एकावर पानं, एकावर सिंह, एकावर नुसती दोरीची गाठ. एकासारखं दुसरं नाही. एका फोटोत दुपारचं ऊन कमानींतून तिरपं आत आलेलं होतं आणि फरशीवर कमानींच्या सावल्या पडलेल्या होत्या. बुरुजावर करकोच्यांनी घरटी केली होती. चर्चकडे उतरणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या मध्यभागी खोलगट झाल्या होत्या, कारण साधू पहाटेच्या अंधारात रोज तिथूनच प्रार्थनेला उतरत.

“रोज,” हे म्हणाले. “सहाशे वर्षं. एकही सुट्टी नाही.”

दुसऱ्या दिवशी हे पहाटेच्या बांगेबरोबर उठले. आमच्या खिडकीखालीच मशीद होती आणि इतकी वर्षं तिच्या बांगेला आम्ही घड्याळाइतकेच सरावलेले होतो. मठात दिवसातून कितीतरी वेळा घंटा होई. प्रार्थना, काम, वाचन, जेवण, सगळं घंटेवर. आमच्याकडे घंटा नव्हती, तर ह्यांनी बांगेवर भागवलं. पहाटेच्या बांगेला उठणं, आंघोळ, दाढी. मग काम. दुपारच्या बांगेला जेवण. मग वाचन. तिसऱ्या प्रहराच्या बांगेला चहा. आमच्या घरात एक ब्राह्मण, मशिदीच्या बांगेवर, ख्रिस्ती साधूंचं वेळापत्रक पाळत होता, आणि त्याची तब्येत सुधारत होती.

मठात जेवताना कुणी बोलत नसे. भिंतीत एक उंच कोनाडा असे, तिथे उभा राहून एक साधू मोठ्यानं वाचे आणि बाकीचे मुकाट्यानं जेवत. हेही एकदा करून पाहिलं. लेकीला वाचायला बसवलं, तर तिनं मुद्दाम भूगोलातला खतांचा धडा काढला. आमटी गार झाली. तो प्रयोग दुसऱ्या दिवशी बंद पडला.

डायनिंग टेबल अर्थात मठाकडे गेलं. आम्ही खाली चटईवर जेवायला लागलो. मॉडेल शंभराला एक या मापाचं होतं. खांब खडूचे, शाळेचे पांढरे खडू, खाली जाड, वर निमुळते, हुबेहूब. छपराला आइस्क्रीमच्या काड्या. खांबांचे माथे साबणाच्या वड्यांतून कोरायचे, माझ्या शिवणाच्या सुईनं. एकासारखा दुसरा नाही म्हटल्यावर नाही. मी एकदा म्हटलं, अहो, नखाएवढी वस्तू, कोण बघणार आहे वाकून? ह्यांनी सिंहाच्या शेपटीवरून मान वर केली नाही. आंघोळीला साबणाचे कपचे मिळत होते, त्यांतले काही पानांच्या आकाराचे.

भिंतींसाठी फोमबोर्डवर गोंद लावून वाळू चिकटवायची होती. वाळूची आम्हाला ददात नव्हती. पण समुद्रावरची वाळू पांढरी पडत होती आणि मठ होता मधाच्या रंगाचा. मग एका शुक्रवारी आम्ही गाडी काढून अल ऐनच्या रस्त्याला गेलो. मध्येच कुठेतरी वाळू तांबूस व्हायला लागते. हे दर थोड्या अंतरावर गाडी थांबवत, उतरत, मूठभर वाळू पुस्तकातल्या फोटोशेजारी धरत आणि पुन्हा गाडीत बसत. एका ठिकाणी म्हणाले, “ही.” मी जाताना पोळीभाजीचे डबे नेले होते, त्याच डब्यांतून वाळू आणली. घरी आल्यावर चहाच्या गाळणीनं चाळली. त्या दिवशी हे गाडी चालवताना गुणगुणत होते. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

सुख इथवरच. कारण मठ वाढत होता आणि फॅक्स बंद झाले होते. शाळेचं वर्ष कुणासाठी थांबणार नव्हतं. मी रोज सकाळी विचारायचे, आज कुठे फोन करणार आहात का? हे म्हणायचे, बघू. मग एके दिवशी मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

“अहो, आज तरी फॅक्स केलात का?”

“आज पश्चिमेच्या कमानी आहेत.”

“कमानींनी व्हिसा मिळत नाही.”

ह्यांनी सुई खाली ठेवली. मला वाटलं आता भांडण होणार, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. पण हे पुस्तकाचं शेवटचं पान काढून माझ्यासमोर धरून बसले.

“हे बघ. इथे दिलंय. दीडेकशे वर्षांपूर्वी सरकारनं एक हुकूम काढला आणि सगळे मठ बंद केले. जमिनी विकल्या. साधूंना सांगितलं, निघा.”

“मग?”

“मग ओवऱ्यांत लोकांनी मेंढ्या बांधल्या. छप्पर पडलं. त्याचे दगड कुणी नेले, ते दिलंय. पुढे दुरुस्ती कुणी केली, तेही दिलंय. फक्त ते साधू कुठे गेले, ते नाही दिलेलं.”

“गेले असतील आपापल्या घरी.”

“घर कुठलं? पोरवयात आलेले सगळे. त्यांना येत काय होतं? घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की झोपायचं. पंचेचाळिशीच्या माणसाला बाहेर कोण ठेवून घेणार? मी वाचनालयात दोन पुस्तकं आणखी पाहिली. कुणीच लिहिलेलं नाही.”

हे पंचेचाळीस वर्षांचे होते. सव्विसाव्या वर्षी इथे आले होते. मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली. थोड्या वेळानं बाहेर आले तर हे पश्चिमेच्या कमानी चिकटवत होते. मी चटईवर बसून खडू कापून द्यायला लागले. त्या दिवसापासून फॅक्सचं नाव मी काढलं नाही. मनातल्या मनात मात्र सामान बांधायला घेतलं होतं. मिक्सर न्यायचा की वहिनींना द्यायचा, इथवर विचार झाला होता.

प्रदर्शन गुरुवारी सकाळी होतं. मठ गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, लेक त्याला धरून बसली आणि हे पुण्यातल्या लग्नाच्या वरातीपेक्षाही हळू गाडी चालवत शाळेत पोचले. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, टायसुद्धा लावला होता. कुणी विचारलंच तर ‘अर्धा दिवस रजा घेतली’ असं सांगायचं, हे आमचं वाटेत ठरलं.

हॉलमध्ये टेबलांच्या रांगा होत्या. मूल टेबलामागे, आईबाप शेजारी. मठाभोवती बरीच गर्दी जमली. लोक वाकून खांबांचे माथे बघत होते. एका बाईंनी सिंह ओळखला. करकोचे सगळ्यांना आवडले. मला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी कुणी ह्यांना ऑफिसचं विचारतंय का, याकडेही माझा कान होता.

परीक्षक म्हणून एक बाहेरच्या बाई होत्या, करड्या केसांच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. बरोबर प्रिन्सिपॉल. त्या मठासमोर बराच वेळ थांबल्या. लेकीनं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं; राजा, दलदल, द्राक्षं, मेंढ्या. मग बाईंनी तो प्रश्न विचारला, जो त्या प्रत्येक टेबलाशी विचारत होत्या आणि ज्याचं उत्तर ह्या देशातल्या प्रत्येक भारतीय मुलाला तोंडपाठ असतं. तू स्वतः केलंस का? उत्तर असं की हो मॅम, आईबाबांनी थोडी मदत केली.

“नो, मॅम,” लेक म्हणाली. “माय फादर मेड इट. ही लॉस्ट हिज जॉब, सो ही वॉज ॲट होम.” मग तिला वाटलं असावं की उत्तर अपुरं आहे. “आय डिड द ग्रास,” ती म्हणाली.

आवाज अगदी सरळ होता. तिनं खतांचा धडा वाचावा तसं ते सांगितलं. आजूबाजूला आमच्या बिल्डिंगमधली निदान चार कुटुंबं होती. सोलापूरच्या वहिनी तर हाताच्या अंतरावर. मी छताकडे बघायला लागले. मला लेकीला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि लगेच तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही करता येत नव्हतं.

ह्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. पण ह्यांचा आवाज आला, इंग्रजीत, ऑफिसातला आवाज, जो मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. “येस, मॅडम. दॅट इज करेक्ट. द ग्रास इज हर्स.” आणि मग दोन्ही खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखे ते वाळूबद्दल बोलायला लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. बक्षीस गेलं हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

शेजारच्या टेबलावर कलोसियम होतं. रोममधलं ते गोल, पडकं रिंगण. शेकडो कमानी, प्रत्येक हातानं कापलेली, आणि पडक्या बाजूचा एकेक दगड वेगळा. त्यामागे एक केरळी गृहस्थ उभे होते, टाय लावलेले. ते ह्यांच्याकडे सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मेरा भी गया, साब. नवंबर में.”

ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कलोसियमकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच, हळूहळू, हॉलभर पाहिलं. तिकडे भिंतीपाशी एक जपानी देऊळ होतं, त्याच्या प्रत्येक छपराच्या टोकाला मोहरीएवढ्या घंटा लटकत होत्या. त्यापलीकडे एक किल्ला होता आणि त्याचा पूल साखळीवर उचलला जात होता. दोन्हींच्या मागे इस्त्रीच्या शर्टात एकेक बाप, आणि शेजारी एकेक बाई, छताकडे बघत असलेली. बाकीच्या टेबलांवर कलंडलेले मनोरे होते. ताजमहालाचा घुमट म्हणून कुणीतरी उलटा वाडगा ठेवला होता. त्या घरांत नोकऱ्या उत्तम चालल्या होत्या.

मला हसू आलं. कलोसियमवाल्यांच्या बायकोलाही आलं. ती माझा हात धरून मला कँटीनकडे घेऊन गेली, आणि म्हणाली, “हमारा तो बेड पे बना. हम लोग दो महीना नीचे सोया.” मी म्हटलं, आमचं डायनिंग टेबल. आम्ही समोसे घेतले. मग मी तिला सगळं सांगितलं. मागच्या गल्लीतली गाडी, ट्यूशनची पोरं, मनात बांधून ठेवलेला मिक्सर. बाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते आणि सांगता सांगता मला रडू कोसळलं. तिनं मला रडू दिलं. पहिलं बक्षीस वाडग्याला मिळालं, असं नंतर कळलं. ते मुलानं स्वतः केलं होतं.

सोलापूरच्या वहिनी संध्याकाळी आल्याच. हळहळल्या नाहीत. म्हणाल्या, “गाडी मागं लावताय ते मी पहिल्याच आठवड्यात बघितलं हुतं. म्हटलं, सांगतील तवा सांगतील.” मी त्यांना चहा करून दिला.

कलोसियमवाले इलेक्ट्रिकलचे होते. नोकरीसाठी मुसफ्फाच्या औद्योगिक भागात ते एका मेंटेनन्स कंपनीत जाऊन आले होते. तिथे त्यांना सांगितलं होतं, इलेक्ट्रिकलला जागा नाही, एसीचा माणूस हवाय. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून ह्यांना पत्ता दिला. नुसता पत्ता देऊन थांबले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन ह्यांना घेऊन गेले, आणि मुलाखत होईपर्यंत बाहेर उन्हात उभे राहिले. कंपनी लहान होती, जागा पहिल्यापेक्षा खालची. शाळेचं वर्ष संपायच्या आत नवा व्हिसा लागला.

त्यांचा लागला नाही. हेही त्यांच्यासाठी खूप फिरले, रोज फोन करत होते, पण त्या वर्षी इलेक्ट्रिकलला कुणी विचारत नव्हतं. जूनमध्ये त्यांनी सामान पाठवून दिलं. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो. दोन मुलं, ती आणि ते. केरळात त्यांनी घर बांधून ठेवलं होतं, त्यात अजून कुणी राहिलेलं नव्हतं. तिथे जाऊन काय करणार, असं ह्यांनी विचारलं. ते म्हणाले, “देखेंगे.” पुरुषांना अशा वेळी बॅगांचे पट्टे तपासायचे असतात, ते दोघांनी तपासले.

“आपका कलोसियम बहुत अच्छा बना था,” हे अखेर म्हणाले.

त्यांनी थोडा विचार केला. “पीछे का दो कमान टेढ़ा था, साब,” ते म्हणाले. “किसी ने देखा नहीं.”

पासपोर्टची रांग पुढे सरकली आणि ती चौघं आत गेली. हे काचेपाशी उभे राहिले. नोकरी गेली तेव्हा रडले नव्हते, मिळाली तेव्हाही नाही. तिथे मात्र भर गर्दीत रडले, आणि त्यांना बघून मीही. लेकीनं माझ्या पर्समधून टिश्यू काढून दोघांना दिले.